तालायचं सफरचंद

उंच डोंगरातल्या नारीन गावच्या थंडीत गोड सफरचंद तग धरत नाही, म्हणून तालायने अंगणातल्या काटक रानटी रोपावर त्याचं कलम बांधलं. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात घाटात हिमकडा कोसळून तो गेला. बायको नुर्जमाल आणि त्याची म्हातारी आई झाड जपत राहिल्या.

यंदा पहिलं फळ धरलं. नुर्जमालने चाखलं. आंबट, तुरट! कलम केव्हाच मेलं होतं. वाढला होता तो खालचा रानटी फुटवा.

"कसं आहे गं माझ्या लेकाचं फळ?" सासूने विचारलं. नुर्जमाल तिला अपा, म्हणजे आई, म्हणायची.

"गोड आहे, अपा," ती कशीबशी म्हणाली.



म्हातारीने तिला जवळ ओढलं. "वाळलेलं कलम तो गेल्यावर पहिल्याच वसंतात मीच कापून टाकलं, पोरी. तू रोज त्या झाडाशी बोलायचीस, मग तुला सांगणार कशी?"