कड्याचा दोर

"खुंटीवरचा दोर कुठाय?" टॉर्क्विलनं बायकोला विचारलं. कड्यावरच्या घरट्यांत समुद्रपक्ष्यांची पिल्लं अंगानं भरली होती आणि स्कॉटलंडच्या त्या बेटावर हिवाळा त्यांच्याच खारवलेल्या मांसावर निघायचा.

इशबेलनं छपराकडे बोट केलं. काल तो होडी ओढायला किनाऱ्यावर गेला असताना वादळानं गवती छप्पर उचललं, तेव्हा तिनं हाताशी होता तो दोर वरून टाकून टोकांना धोंडे बांधले होते.

"कड्यावर उतरायचा दोर दुसऱ्या कशाला वापरायचा नसतो, कितीदा सांगितलं!" त्यानं धोंडे सोडले, दोर ताणून पाहिला. "जाऊ दे. चालेल."

तिला मात्र भिंतीच्या दगडावर वादळभर दोर घासल्याचा आवाज आठवत होता. तिनं मासे कापायची सुरी आणली आणि जिथं तो घासत होता, तिथंच कापला.

"वेड लागलंय तुला?" त्यानं कापलेलं टोक तिच्या डोळ्यांपुढे धरलं. आतला एकेक पीळ शाबूत होता. "बघ! आता हिवाळाभर खायचं काय?"

"दिसतंय मला," ती म्हणाली. "पण उपाशी नवरा संध्याकाळी घरी तरी येतो."