पणजोबांबद्दल तीन वाक्यं

संग्रहालयात पणजोबांच्या छापखान्याचं दालन उघडणार होतं आणि त्यांची माहिती घरच्याच माणसाच्या आवाजात हवी होती. आवाज घुमू नये म्हणून पणती कपड्यांच्या मोठ्या कपाटात बसून रेकॉर्डिंग करत होती.

“पणजोबांनी इथला पहिला छापखाना काढला. धाकट्या भावाला शिकायला परदेशी पाठवलं.”

तिने हेडफोन लावून ऐकलं. दुसऱ्या वाक्यानंतर कोणीतरी हलकेच खोकलं, मोठ्यांची चूक दाखवण्याआधी खोकतात तसं.

“आत्या, तू खोकलीस?”

“मी कशाला खोकू?” आत्या बाहेर पलंगावर बसली होती. “मी लिहून दिलंय तेवढं वाच मुकाट्याने.”

पुन्हा वाचलं, तरी खोकला त्याच वाक्याला. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, ही तिची प्रयोगशाळेतल्या कामाची सवय. कागदावरचं सोडून तिने घरात सगळ्यांना ठाऊक असलेलं खरं ते म्हटलं.

“वेड लागलेल्या धाकट्या भावाला त्यांनी मागच्या खोलीत कोंडून ठेवलं.”

ऐकलं, तर खोकला नाही.

“अगं, घराण्याची लक्तरं वेशीवर टांगतेस? हे तिथे वाजलं, तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस!”

 पणतीला लहानाचं मोठं आत्यानेच केलं होतं. तरीही हे पुसायचं नाही, असं तिने ठरवलं. त्या भावाचा शेवट कुठे झाला, हे तर आत्यालाही मान्य होतं. त्यावर घरात कुणाचंच दुमत नव्हतं.

“तो त्याच खोलीत वारला.”

हेडफोन अजून तिच्या मांडीवर होते. खोकला तिच्या पाठीमागून, टांगलेल्या कोटांच्या आडून आला.