वळचणीतलं अंडं

मुलांनो, १९९१ सालच्या उत्तन या कोळ्यांच्या गावातलं एक कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. अंगणात बांबूंवर बोंबील वाळतायत आणि वळचणीला समुद्रावरच्या एका पांढऱ्या पाखरानं घरटं केलंय. एरवी अशी पाखरं माणसांच्या घरांवर घरटं करत नाहीत.

या घरातल्या नेत्राचा बाबा बोट घेऊन मासेमारीला गेला, त्याला नऊ दिवस झाले होते आणि अजून त्याचा पत्ता नव्हता. त्या सकाळी पाखरानं एक बोंबील ओढला, तेव्हा आईनं दगड भिरकावला. "मेलं एक बोंबील न्हाय ठेवायचं!" पाखरू उडालं ते परत आलंच नाही.

दुपारी नेत्रा शिडीवर चढली. घरट्यात एकच अंडं होतं, गार पडत चाललेलं. तिनं ते कानाला लावलं. आत बाबाच्या बोटीचं इंजिन अडखळत चालत होतं. तो आवाज ती झोपेतही ओळखायची.

तिनं अंडं दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली. इंजिन जरा नीट चाललं, मग बंद पडलं.

"आई, बाबा यात हाय."

"उतर खाली. खुळी का काय?"

अंड्यात कुणीतरी खोकलं.

"नेत्रे, पानी गल्याशी आलंय. दार उघड गो बाय."

नेत्रानं अंडं वाशाच्या कडेवर आपटलं.