पवनचक्कीचा कौल

येसूमावशी निवडून आली. देवराईतल्या एकाही झाडाला कुऱ्हाड लागली नाही. पण हे अजून झालंच नाही असं धरू. कारण सन बासष्टचं ते ग्रामपंचायतीचं मतदान अजून चालू आहे, आणि पवनचक्की ढिम्म उभी आहे.

पवनचक्की सरकारनं गावच्या विहिरीवर बसवली होती. बसवल्यापासून ती एकदाही फिरली नव्हती. "राई वारा अडवती," बाजीराव पाटील सांगत सुटला, "मला निवडा. राई तोडू, चक्की फिरंल, पानी येल." तोडलेल्या राईचा कोळसा कामशेतला कोण विकणार, ते त्यानं सांगितलं नाही.

राई राखायला त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या येसूची निशाणी झाड. ठाकरवाडी तिच्या मागं होती. बाकी गाव रांगेत उभं राहून चक्कीकडं बघत होतं.

ती रांग बघून बाजीरावाला चेव चढला. त्यानं नारळ घेतला आणि चक्कीपुढं गाऱ्हाणं घातलं:

"आई वाघजाई! राई हाय तवर ही फिरायची न्हाई. फिरली तर तुजा कौल समजू, अन् समदं गाव येसूलाच मत दील. मी बी!"

कौल म्हटल्यावर सगळ्यांनी पायताणं काढली. मतदान अधिकारी विहिरीशेजारच्या मतदान केंद्रातून बाहेर आले. त्यांनीही बूट काढले.

येसूचं तोंड वाळलं. "पाटील, देवीला कशाला मधी घेतली? तुमच्याशी हरले असते तर फिरून भांडले असते. देवीशी कुटं भांडू?"

चक्कीच्या बुडाशी एक लोखंडी दांडा होता. कशाचा, ते कुणाला ठाऊक नव्हतं. बाजीरावानं त्याच्यावरच नारळ आपटला. दांडा खाडकन खाली बसला.

वर पातं कुरकुरलं.

"हे न्हाई धरायचं," बाजीराव म्हणाला. "कावळा बसला आसंल."

चक्की गरगरा फिरू लागली. नळानं आधी गाळ ओकला, मग एक बेडूक, मग पांढरंशुभ्र पाणी.

"अहो, तो ब्रेक होता," अधिकारी म्हणाले. त्यांचं कोण ऐकतो! येसू नळाखाली भिजत नाचत होती.

बायकांच्या रांगेतून बाजीरावाची बायको शालूबाई पुढं आली. "चला. आता पयलं मत तुमचं."

गेला बिचारा. झाडावर शिक्का मारून आला.

दुसऱ्या दिवशी मामलेदार कचेरीत त्याचा अर्ज पोचला: "सबब, पुढील निवडणुकीत मतदान संपेपर्यंत वाऱ्याने तालुक्याच्या हद्दीबाहेर थांबावे, असा हुकूम होण्यास विनंती आहे."