उतरणीचे दगड

"पोर आडवं हाय," सुईण पदराला हात पुसत बाहेर आली. "पर कळा आत्ताशी सुरू झाल्यात. दिसभर वाट बघू, मंग..."

सूर्यभाननं तिचं बोलणं पुरतं होऊ दिलं नाही. तो केव्हाच बैलांपाशी पोचला होता. गाडी तर चार दिवसांपासून अंगणात तयारच होती. तिच्यात कडबा अंथरलेला, वर वाकळ. धाकट्या लेकीचे दिवस भरत आले तशी त्यानं गाडी शेताकडे नेणंच सोडलं होतं. खताच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या, लोक हसले, पण गाडी हलवली नाही.

विजयमाला आईच्या खांद्यावर भार टाकून गाडीत चढली. कळ आली की तिला काही दिसत नसे. कळ ओसरली की समोर फक्त बापाची पाठ दिसे. तीन वर्षांपूर्वी हीच पाठ दोन दिवस ओसरीवरून हलली नव्हती. आत थोरली रंगू अडली होती. तीही अशीच पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आणि बाप येईल त्याला ऐकवत होता, "आमच्यातल्या बाया दवाखान्यात न्हाई जात." तिसऱ्या दिवशी त्याचा हेका सुटला खरा, पण तोवर रंगूच्या अंगात काही उरलं नव्हतं.

"आबा, जरा दमानं."

"दमानंच हाकतोय बाई. पर मोटार न्याहारीच्या वक्ताला यीती."

सडक दोन कोसांवर होती. तिथून नगरची मोटार मिळे. लढाईपायी पेट्रोल मिळेना म्हणून ती बिचारी कोळशावर धापा टाकत चाले आणि चढ आला की उतारूंनाच खाली उतरून ढकलायला लावी. पण नगरला मडमेच्या दवाखान्यापर्यंत जायचं तर तिच्यावाचून गत नव्हती. आणि सडकेच्या अलीकडे ओढा होता.

ओढा जवळ आला तशी विजयमालानं डोळे मिटून घेतले. बघायची गरजच नव्हती, तिला सगळं पाठ होतं. काळा चिखल, आखापर्यंत रुतलेलं चाक, बैलांच्या तोंडाला आलेला फेस. बाप खांदा लावून लावून रडकुंडीला आला होता. ती तेव्हा सोळा वर्षांची, आणि तिच्या मांडीवर रंगूआक्काचं डोकं. पलीकडून मोटारीचा भोंगा ऐकू आला होता. मोटार सडकेवर थांबली आणि निघून गेली. तेव्हा रंगूआक्का बापाशी बोलली. रागानं नव्हे. बाजारला निघालेल्या माणसाला राहिलेली एखादी जिन्नस सांगावी, तसं.

"आबा, विजीच्या येळंला जरा लवकर निगा."

त्यानंतर ती काहीच बोलली नाही.

तेरावा झाला. दुसऱ्या दिवसापासून सूर्यभान शेतातून येताना डोक्यावर एक दगड आणू लागला. रोज एक. तो ओढ्याच्या उतरणीला बसवायचा आणि मुकाट घरी यायचा. पावसाळ्यात अर्धेअधिक वाहून गेले. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. गावानं आधी त्याला वेडा ठरवलं, आणि मग त्याच उतरणीवरून आपापल्या गाड्या खुशाल हाकल्या. त्याची स्वतःची गाडी मात्र त्या दिवसानंतर ओढ्यात उतरली नव्हती. विजयमालाचं सासरही ओढ्याच्या अलीकडेच होतं.

बैल उतरणीला लागले. दगडांवर चाकं खडखडली. एक हिसका बसला, मग आणखी एक लहानसा. आता कळ येणार म्हणून विजयमालानं आईचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. कळ यायच्या आतच गाडी पलीकडे पोचली.

सडकेवर चिटपाखरू नव्हतं. सूर्यभाननं बाभळीच्या सावलीत गाडी उभी केली आणि उन्हाकडे बघितलं. मोटारीला अजून बराच वेळ होता. हाताशी उरलेल्या वेळाचं काय करावं ते त्याला कळेना. तो चार पावलं मागं गेला आणि ओढ्याच्या काठाशी उभा राहिला.

"आवो, सावलीला या की," आई गाडीतून म्हणाली.

तो आला नाही. ओढ्याकडेच बघत राहिला. पानाला चुना लावायला लागावा तेवढ्याच वेळात गाडी ओढा ओलांडून आली होती.

"एवढंच हुतं व्हय?" तो म्हणाला. "एवढंच हुतं व्हय गं, रंगे?"

होय, एवढंच होतं, असं विजयमालाला ओरडून सांगावंसं वाटलं. तीन वर्षं ती ह्या माणसाशी धड बोलली नव्हती. पण तेवढ्यात तिची नजर त्याच्या हातांवर गेली. बोटांची पेरं फुटलेली, एक नख मुळापासून काळं पडलेलं. तिला नुसतं रडू आलं, आणि रडण्यातच कळ आली. अशा वेळी बाई 'आई गं' म्हणते. शेजारी आई बसलेली असून विजयमालाच्या तोंडून निघालं, "आक्का गं!"

सूर्यभान गर्रकन वळला. लांब कुठंतरी भोंगा वाजला होता. तो धावत सडकेवर गेला आणि दोन्ही हात पसरून मधोमध उभा राहिला. वळणावर अजून धूळसुद्धा दिसत नव्हती.