सर्वांसाठी खरं

हृषीकेशच्या सत्यानुसार कौमुदीशी त्याचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. कौमुदीच्या सत्यानुसार त्याने तिला अजून विचारलंच नव्हतं, आणि ती वाट बघून कंटाळली होती. तो लग्नाचा वाढदिवस करायचा. ती पाहुणी म्हणून केक खायची. सत्यनोंदणी केंद्रातल्या यंत्राने दोन्ही सत्यं मंजूर केली होती, कारण कायदाच तसा होता: सर्वांसाठी खरं असं काहीही नाही.

आज हृषीकेशबरोबर केंद्रात येऊन कौमुदीने यंत्रालाच विचारलं, "हा कायदा सर्वांसाठी खरा आहे?"

यंत्र घरघरलं.

"खरा असेल," कौमुदी म्हणाली, "तर सर्वांसाठी खरी अशी एक गोष्ट सापडली. खोटा असेल, तर अशी गोष्ट आहेच. म्हणजे कसंही धरलं तरी आहेच!"

यंत्राने युक्तिवाद मान्य करून चिठ्ठी दिली: सर्वांसाठी खरं असं काहीतरी आहे. कोणतं, ते कळलेलं नाही. तोवर सगळ्यांची सत्यं रद्द.

"अगं, काय केलंस हे!" हृषीकेश गडबडला. "मग आपलं लग्न झालंय की नाही?"

"मला काय माहीत? विचारून बघ."

"कुणाला?"

"मला, बाबा!"

त्याने घाबरत घाबरत विचारलं. ती हो म्हणाली.

ते नोंदवायला खिडकीमागच्या घोटवडेकर मॅडमनी खण उपसले, कपाट उपसलं, चष्मा पुसून पुन्हा खण उपसले.

"दोघांचं एकच सत्य, असा फॉर्मच नाही हो आमच्याकडे," त्या काकुळतीने म्हणाल्या. "तुमच्यापैकी कुणी एक जण नाही म्हणतंय का?"