तोंडाचा फोटो

दिनांक १० नोव्हेंबर २०२४, रविवार, सकाळी साडेनऊच्या सुमारास, भंडारा जिल्ह्यातील साकोली येथे, महाविद्यालयाचे ग्रंथपाल व हौशी छायाचित्रकार चंद्रकुमार लांजेवार यांच्या ओसरीत सानगडीची बायजाबाई येऊन बसली. तिचा नवरा सोमाजी, गावतलावावर मासे धरणारा, दसऱ्याच्या आधी वारला होता. मुलीचे लग्न आठ दिवसांवर आले होते.

"सर, त्याइचा एक तोंडाचा फोटो द्या," ती म्हणाली. "मांडवात ठेवाचा हाये. खुशबू अडून बसली. म्हनते, बाबाच्या पाया पडल्याबिगर मी हळद लावून घेत नाही."

"आधार कार्डावर असेल ना?"

"स्टुडिओत मोठा करून पाह्यला. चोरावानी दिसते. पोरगी म्हने, हा आपला बाबा नोहे."

"आणि मोबाइलमध्ये?"

"होते दोनचार. पावसाळ्यात मोबाइलच डोंग्यातून तलावात पडला. पन तुमी तं दोन वर्सं दर इतवारी येत होते. तुमच्यापाशी नसन तं कोनापाशी असन?"

चंद्रकुमारांनी संगणक सुरू केला व तिला शेजारची खुर्ची दिली. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

सोमाजीची छायाचित्रे चारशेच्या वर होती. जाळ्याला गाठ मारणारे हात. वल्हे धरलेली मूठ. उन्हात पाठ. पाण्यात पडलेली सावली. चेहरा नव्हता, आणि तो नसण्यामागे एक मत होते. भंडाऱ्याच्या प्रदर्शनात दोन परीक्षकांशी वाद घालून चंद्रकुमारांनी ते सिद्ध केले होते : कष्टकऱ्याचा चेहरा दाखविला की पाहणाऱ्याला कीव येते, हात दाखविले की त्याची मान लवते. हे वाक्य त्यांना स्वतःला फार आवडत असे. आताही त्यांनी ते बायजाबाईसमोर मांडावयास घेतले आणि पहिल्या स्वल्पविरामाशीच सोडून दिले.

ती ऐकत नव्हती. ती पाहत होती.

"हे त्याइचेच," ती म्हणाली. "ह्या अंगठ्यात माशाचा काटा मोडला होता. मीच सुईनं काढला. अन् तोंड?"

"पुढे पाहू."

पुढेही हातच होते.

चंद्रकुमारांच्या पत्नी रिताबाईंनी चहा आणला. पडद्याकडे एक नजर टाकून त्या म्हणाल्या, "बाई, यांच्यापाशी मानूस पुरा भेटतच नाही. लग्नाच्या वाढदिवसाले माह्या बांगड्याइचा फोटो काढला. बहीण इचारे, ह्या कोनाच्या होत?"

बायजाबाई पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "आमचे तं इतवारी दाढी करत. हप्ताभर खुंट वाढून राहे, पन इतवारी आरसा. मी म्हनो, मासोळ्याइले दाखवाले करता का? तं म्हनत, सर फोटो काढून राहिले ना."

रिताबाईंनी कप खाली ठेवला व त्या आत निघून गेल्या.

चंद्रकुमारांचे बोट माऊसवर थांबले. पडद्यावर ४१७ क्रमांक होता : जाळे ओढणारे हात. त्यानंतर ४१९ : तेच हात, रिकामे. मधले ४१८ नव्हते. ते का नव्हते, हे त्या घरात एकट्या चंद्रकुमारांना ठाऊक होते. जुलैतली सकाळ होती. जाळ्यात मोठा मासा आला, सोमाजीने मान वर केली, थेट भिंगात पाहिले आणि तो हसला. चेहरा नसलेल्या मालिकेची शिस्त मोडते म्हणून त्यांनी ते काठावर उभ्याउभ्याच पुसले. "कसा आला, सर?" असे सोमाजीने विचारले होते, तेव्हा "हात हलला" असे त्यांनी सांगितले होते.

"एक होता," ते आता म्हणाले. "मी पुसून टाकला."

"काहून?"

चंद्रकुमारांनी माऊसवरचा हात काढून घेतला.

"हसत होते ते," एवढेच ते म्हणाले.

"हसत होते?" बायजाबाई खुर्चीतून पुढे झुकली. "कसे हसत होते? दात दिसत होते का? का नुसते गालात?"

"दात दिसत होते."

"मंग खुश होते," ती म्हणाली. खुर्चीत मागे सरून पुन्हा म्हणाली, "खुशच होते मंग."

काहीतरी करावयास हवे म्हणून चंद्रकुमार एकेक चित्र पुढे सारू लागले. डोंग्याच्या काठावर टेकलेली दोन पावले आली. घोट्यापर्यंत चिखल, एका अंगठ्याचे नख काळे पडलेले.

"थांबा," बायजाबाई म्हणाली. तिने पडद्यावरच्या पावलांना बोटे लावली आणि ती कपाळाला टेकविली. "हा द्या. मोठा करून."

"पण बाई, यात चेहरा..."

"पोरीले पायाच पडाचं हाये ना?"

यावर वाद संभवत नव्हता. त्यांनी चित्र मोठ्या कागदावर छापले, शाई वाळू दिली, दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून तिच्या हाती दिले. ते पदराखाली घेऊन ती पायरी उतरली. फाटकाशी गेल्यावर मात्र थांबली व मागे वळली.

"पोरीचं भागलं, सर," ती म्हणाली. "माहं नाही भागलं."